रस्ता सरळ झाला, मग जुन्या वळणाची जमीन कुणाची?

नांगरट

नमस्कार मंडळी. घरात वर्षभर वाद चाललाय, म्हणून इथं विचारतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशाकडचं. तालुक्याला जाणारा डांबरी रस्ता आमच्या मळ्याला वळसा घालून जायचा. त्या वळणावर अपघात फार. रस्ता रुंद केला तेव्हा ओढ्यावर नवा पूल बांधून तो सरळ नेला आणि जुनं वळण तसंच सोडून दिलं. डांबर उखडलंय, दोन्ही अंगांना वेडी बाभूळ माजलीय, चिंचेची जुनी झाडं तेवढी उभी आहेत. जागा अर्ध्या एकराच्या आतबाहेर असेल, पण नव्या रस्त्याला लागून असल्यानं आता तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे.

वळणाच्या एका बाजूला आमचे दोन गट, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा. शेजाऱ्यांनी तिथं मुरूम टाकला. ढाबा काढायचाय. विचारलं तर म्हणाले, रस्ता गेला की जागा लगतवाल्यांची, अर्धी तुमची अर्धी आमची. आमचे चुलते म्हणतात, रस्त्यात जमीन गेली ती आपल्या आजोबांची, तेव्हा सगळी जागा आपल्याकडंच परत यायला पाहिजे. तलाठी म्हणतात सरकारी आहे, कुणी हात लावू नका. ग्रामपंचायतीला तिथं गाळे बांधायचेत. आणि मागच्या अंगाला दोन घरांची शेती आहे, त्यांना बैलगाडी न्यायला या वळणाशिवाय दुसरी वाट नाही.

कायद्यानं ही जागा कुणाची?

फेरफार

महसूल खात्यात मंडळ अधिकारी होतो, आता निवृत्त. असे वाद नोकरीत पुष्कळ हाताळले आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारला: हा रस्ता मुळात झाला कसा? ते कळल्याशिवाय जागा कुणाची हे कुणीच सांगू शकत नाही. तलाठीही नाही.

आधी गावनकाशा काढा. त्यात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनं आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं दाखवलेला असतो. काही रस्ते असे असतात की त्यांच्याखालचं क्षेत्र कुठल्याच सर्व्हे नंबरात धरलेलं नाही. मूळ मोजणीतच ते बाजूला काढलेत. अशी जमीन सरकारची, त्यात वाद नाही. काही रस्ते मात्र सर्व्हे नंबराच्या आतून जातात आणि त्यांचं क्षेत्र त्याच नंबराच्या पोटखराबात मोडतं. सातबाऱ्यावर पोटखराबा 'अ' आणि 'ब' असा वेगळा लिहितात. 'अ' म्हणजे खडकाळ, नापीक. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक वापराखालची, म्हणून आकारणी न केलेली. 'ब'मधली जमीन खातेदाराच्या क्षेत्रात दिसते, पण ती नांगरता येत नाही आणि वाट अडवताही येत नाही.

तिसरा प्रकार भूसंपादनाचा. निवाडा होतो, मोबदला मिळतो, ताबे पावती होते, मग भूमी अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक तयार करतं आणि तुमच्या नंबरातून तेवढं क्षेत्र वजा होतं. आजोबांच्या नावाचे जुने फेरफार पाहा. क्षेत्र घटलंय का? घटलं असेल तर कशानं? तुमच्याकडं एकत्रीकरण झालेलं असणार, तेव्हा एकत्रीकरण योजनेचे ९(३), ९(४)चे उतारे काढून कुठल्या जुन्या सर्व्हे नंबराचा कुठला गट झाला तेही जुळवून घ्या. निम्मे वाद तिथंच अडकलेले असतात.

हे कागद हातात येईपर्यंत मुरूम टाकणाऱ्याला आणि गाळे बांधणाऱ्याला, दोघांनाही थांबवा.

सानहोजेकर

शेजारी अर्धं-अर्धं कुठून म्हणतात ते मला कळतंय. मी कॅलिफोर्नियात राहतो, इथं तशीच रीत आहे. रस्त्याला लागून जमीन असलेल्याची मालकी रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत आहे असं इथल्या दिवाणी संहितेचं कलम ८३१ गृहीत धरतं, उलट पुरावा कुणी दिला नाही तर. बहुतेक जुन्या रस्त्यांवर शहराचा किंवा कौंटीचा हक्क फक्त जाण्यायेण्याचा असतो. नगर परिषदेनं सुनावणी घेऊन ठराव केला की तो हक्क संपतो आणि दोन्हीकडचे मालक मध्यरेषेपर्यंत मोकळे होतात. तरी पाण्याच्या नळाचा, विजेच्या तारांचा हक्क राखून ठेवतात, त्यावर बांधकाम करता येत नाही. शहरानं ती जमीन विकत घेऊन रस्ता केला असेल तर मात्र शेजाऱ्यांना आपोआप काही मिळत नाही, शहर ती विकू शकतं.

आमच्या भागात एक आडगल्ली अशीच बंद झाली आणि दोन्हीकडच्या घरांनी आपलं कुंपण पुढं घेतलं. भारतात असं चालतं का?

कृष्णाकाठ

वकील आहे, जमिनीचे दावे चालवते. सानहोजेकर, मध्यरेषेचा नियम आपल्याकडं चालत नाही. कारण सुरुवातच वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६चं कलम २० म्हणतं की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, त्यांवरचे पूल, कडेच्या चाऱ्या, आणि दुसऱ्या कुणाच्या मालकीची नाही अशी सगळी जमीन राज्य सरकारची. ज्याला आपली वाटते त्यानं सिद्ध करायचं. कलम २०(२) खाली जिल्हाधिकारी चौकशी करून निर्णय देतात आणि तो पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. ती मुदत चुकली की संपलं.

आता कलम २१ नीट वाचा, कारण या धाग्याचं खरं उत्तर तिथं आहे. वाहतूक दुसरीकडून सुरू झाली म्हणून जुना रस्ता रस्ता राहत नाही, असं होत नाही. रस्त्याची आता लोकांना गरज उरली नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं तर त्यांनी राजपत्रात तशी अधिसूचना काढायची, जागेवर आणि आसपास जाहीर नोटीस लावायची. ज्याचा हक्क बाधित होतो त्याला ९० दिवसांत लेखी हरकत घेता येते, नुकसानभरपाई मागता येते. सुनावणी घेऊन मग निर्णय होतो. हे होईपर्यंत तो तुकडा कायद्याच्या नजरेत रस्ताच आहे. हे कलम फक्त सरकारी मालकीच्या आणि स्थानिक संस्थेकडं निहित न झालेल्या (म्हणजे कायद्यानं तिच्याकडं न सोपवलेल्या) रस्त्यांना लागू आहे, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा नांगरट, पहिला अर्ज माहिती अधिकारात करा: या वळणाबाबत कलम २१ची अधिसूचना निघालीय का? माझा अंदाज, निघालेली नसेल. रस्ता सरळ करताना जुन्या तुकड्याचा विचार सहसा कुणी करत नाही.

नांगरट

कृष्णाकाठताई, म्हणजे चुलत्यांचं म्हणणं अगदीच गैर का? जमीन रस्त्यासाठी घेतली, रस्ता राहिला नाही, तर ज्याची त्याला परत द्यायला नको?

कृष्णाकाठ

माणूस म्हणून मलाही तसंच वाटतं. पण रीतसर भूसंपादन झालं असेल तर जमीन सगळ्या बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडं जाते आणि मूळ मालकाचा धागा तिथं तुटतो. १९९७ साली केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढं बरोबर हाच प्रश्न होता. राष्ट्रीय महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीतली काही उरली होती आणि सरकार ती मूळ मालकाला परत द्यायला निघालं होतं. न्यायालयानं सांगितलं, नाही. दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा, म्हणजे पैसा सरकारी तिजोरीत येईल.

२०१३च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे, ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेला परत जाते. लोक ते कलम घेऊन माझ्याकडं येतात. पण ते न वापरलेल्या जमिनीसाठी आहे. तुमच्या वळणावरून कित्येक वर्षं एसट्या धावल्या.

तांबडी_माती

कोकणातून लिहितोय. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून आमच्याकडं अशी सोडलेली वळणं जागोजागी आहेत. कुठं जुन्या रस्त्याला टपऱ्या लागल्यात, कुठं डंपर उभे राहतात. राष्ट्रीय महामार्गाची जमीन केंद्र सरकारची, १९५६च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणं. बाह्यवळण झालं की गावातला जुना तुकडा राज्याकडं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडं सोपवतात. हस्तांतर होईपर्यंत खड्डेही कुणी बुजवत नाही आणि अतिक्रमणही कुणी काढत नाही. तुमचा रस्ता राज्यमार्ग, जिल्हा मार्ग की ग्रामीण मार्ग, ते आधी बघा. नाहीतर एका दारातून दुसऱ्या दारात पाठवत बसतात.

नगररचना

शहरातल्यांसाठी थोडक्यात. मुंबई सोडून बाकी महानगरपालिकांच्या हद्दीत १९४९चा महानगरपालिका अधिनियम लागतो. कलम २०२नं सार्वजनिक रस्ते पालिकेत निहित होतात, कलम २०३नं आयुक्त पालिकेच्या मंजुरीनं रस्ता कायमचा बंद करू शकतात, आणि कलम २०४ स्पष्ट सांगतं की बंद केलेल्या रस्त्याच्या जागेची विल्हेवाट पालिकेच्या जमिनीसारखी लावता येते.

विकास आराखड्यात नुसता रंगवलेला रस्ता ही वेगळी गोष्ट. जमीन घेतलीच नसेल तर मालकी कधी बदललेलीच नसते. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत संपादन झालं नाही तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस द्यायची. २०१५च्या दुरुस्तीनंतर पालिकेला २४ महिने मिळतात, तेवढ्यात पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पण जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क घेतला असेल तर जमीन पालिकेची झाली, मग परत मागायला जाऊ नका.

फेरफार

गावाकडं मात्र पालिकेचा नियम लावता येत नाही. ग्रामपंचायत "जागा आमची" म्हणते तेव्हा कागद मागा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ खाली सरकार गावातली मोकळी जागा किंवा रस्ता पंचायतीकडं आदेशानं निहित करू शकतं. आदेश आहे का? नसेल तर पंचायतीकडं कलम ५३चे, म्हणजे अतिक्रमण काढण्याचे अधिकार आहेत. तेवढ्यानं जमिनीची मालकी मिळत नाही. गाळे बांधून भाड्यानं देणं हा तर रस्त्याचा वापरच नव्हे.

कृष्णाकाठ

काकांच्या म्हणण्याला आधार आहे. १९८०मध्ये उत्तर प्रदेशच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. रस्ता नगरपालिकेत निहित असतो तो रस्ता म्हणून सांभाळण्यापुरता. ती जागा दुसऱ्या कामाला लावली तर मूळ मालक म्हणून सरकार मध्ये पडू शकतं. महापालिकेचं कलम २०४ हा कायद्यानंच दिलेला खास अधिकार आहे, तसा शब्द नसेल तिथं हा सर्वसाधारण नियम.

आणि ढाबेवाल्या शेजाऱ्यांना सांगा, नुसत्या ताब्यानं सरकारी जमिनीवर हक्क मिळवायला ३० वर्षं लागतात, खाजगी जमिनीसारखी बारा नव्हे. त्याआधी जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली जिल्हाधिकारी अतिक्रमण कधीही काढू शकतात. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे आदेश सगळ्या राज्यांना दिले आहेत, त्यामुळं नियमित करून घेऊ या भरवशावर कुणी पैसा घालू नये.

आडवाट

मी सगळं वाचतेय आणि मला त्या मागच्या दोन घरांची काळजी वाटतेय, कारण मी तशाच घरात नांदते. आमची वाट अशीच एका सोडलेल्या रस्त्यावरून होती. आधी कडेला शेणखताचा ढीग आला, मग दगडांची रांग, मग तार. आम्ही म्हटलं, शेजार आहे, बोलून मिटेल. दोन हंगाम ऊस बाहेर काढताना डोक्यावरून मोळ्या वाहिल्या. ट्रॅक्टर येईना म्हणून मशागत उशिरा, पेरा उशिरा. मालकी कुणाची का असेना, वाट बंद झाली की शेत असून नसल्यासारखं होतं.

तहसीलदारांकडं गेलो तेव्हा कळलं की मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मिळते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज लागतो. आमची मुदत गेली होती. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवीन रस्ता मागावा लागला, त्यात दोन्हीकडचे बांधवाले विरोधात. नांगरटदादा, त्या दोन घरांना आजच सांगा, मुरूम पडला ती तारीख लिहून ठेवा म्हणावं.

फेरफार

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. १४३ नवीन वाट मागण्यासाठी आहे, आणि तीही गटांच्या बांधावरूनच. चालू वाट अडवली असेल तर कलम ५ हाच सोपा मार्ग. आणि कलम २१ची कारवाई पुढं झालीच तर या दोन घरांनी ९० दिवसांत हरकत घ्यायलाच हवी. दुसरी वाट नाही हीच त्यांची हरकत, आणि ती ऐकावी लागते.

नांगरट

कागद मिळाले. तालुक्याच्या भूमी अभिलेखमधून दोन्ही गटांचं रेकॉर्ड काढलं, फेरफारही शोधले.

ओढ्याकडच्या गटाचं कमी-जास्त पत्रक सापडलं. रस्त्यासाठी क्षेत्र वजा झालंय, फेरफारात मोबदल्याचा उल्लेख आहे, आजोबांचा अंगठा आहे. म्हणजे तेवढा भाग सरकारचा, चुलत्यांनीही ते मान्य केलं.

पण विहिरीकडच्या गटाचं पत्रकच नाही. क्षेत्र आजही पूर्वी होतं तेवढंच आहे, सातबाऱ्यावर नाव आमचं, पोटखराबा 'ब'मध्ये काही नोंद नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा साहेब आले आणि म्हणाले रस्ता इकडून घेऊ, गावाला काम मिळंल. तुझ्या आजानं हो म्हटलं. पैसं कुणी दिलं न्हाईत, मागितलं बी न्हाईत." आजीनंही त्याच रस्त्यावर खडी फोडली होती.

म्हणजे आता एका वळणाचे दोन तुकडे, दोघांची कथा वेगळी.

फेरफार

माणदेशात आणि सगळ्याच दुष्काळी पट्ट्यात हे असंच आहे. १९७२-७३ला दुष्काळी कामांवर लाखो माणसं होती, रस्ते निघाले, पाझर तलाव निघाले, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीची कागदपत्रं मागून करू म्हणून राहिली ती राहिलीच. लोकांनी पोटाला काम मिळतंय म्हणून जमीन दिली. त्यांना आज "पुरावा आणा" म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही.

कृष्णाकाठ

विहिरीकडच्या गटाबाबत तुमची बाजू भक्कम आहे. हिमाचल प्रदेशातल्या ऐंशी वर्षांच्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८मध्ये संपादनाशिवाय रस्त्याखाली घेतली होती. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सरकार आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे नुसत्या जुन्या ताब्यावरून मालकीचा, दावा करू शकत नाही आणि उशीर झाला म्हणून मोबदला नाकारताही येत नाही. २०२२मध्ये तिथल्याच आणखी एका प्रकरणात तेच सांगितलं, तो रस्ता तर १९७२-७३चाच होता. मालमत्तेचा हक्क १९७८ला मूलभूत हक्कांतून निघाला, पण अनुच्छेद ३००-अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

तुमच्या बाबतीत रस्ता आता तिथून गेलेला आहे, म्हणून मोबदल्यापेक्षा जमिनीची मागणी करणं मला योग्य वाटतं. जमीन तुमच्या नावावरून कधी गेलीच नाही. पण आजोबांनी राजीखुशीनं रस्ता दिला आणि लोकांनी इतकी वर्षं तो वापरला, त्यामुळं लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क त्या जागेवर बसला आहे. नाव तुमचं असलं तरी उद्या तार ठोकू नका. कलम २०(२) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करा, त्यात दोन्ही गटांचा भाग वेगळा दाखवा. ओढ्याकडचा भाग मागू नका, त्यानं विहिरीकडच्या भागाची मागणी कमकुवत होते.

नांगरट

चुलते, मी आणि मागच्या दोन घरांतले कर्ते असे काल बसलो. ठरलं असं, की विहिरीकडच्या भागातून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट त्यांना कायमची सोडायची आणि तिची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून द्यायची. आजोबांनी गावासाठी जमीन दिली ती वाटेसाठीच दिली होती, हे चुलतेच म्हणाले. शेजाऱ्यांचा मुरूम मात्र तिथंच आहे, आता तो सरकारी भागावर आहे हे त्यांना कागदासकट दाखवणार आहे. मोजणीचा अर्ज कसा लिहावा, काका?

फेरफार

मोजणीचा अर्ज नुसता गटाच्या हद्दीसाठी करू नका. "जुन्या रस्त्याच्या दोन्ही हद्दी व गटातील रस्त्याखालील क्षेत्र दाखवून मिळावे" असं लिहा, नाहीतर मोजणीदार बांध दाखवून निघून जातो. लगतच्या सगळ्या कब्जेदारांची नावं अर्जात घाला, ढाबेवाल्यांचंही, म्हणजे नोटीस त्यांना रीतसर जाईल आणि मोजणी झाल्यावर आम्हाला कळवलंच नाही असं त्यांना म्हणता येणार नाही. चिंचेची झाडं कुठल्या भागात येतात ते नकाशावर टिपून घ्या. कुणी तोडायला आलं तर वृक्षतोडीची परवानगी लागते, तेही सांगून ठेवा.

आणि मोजणीच्या आधी, जमिनीत ओल आहे आणि चाकोऱ्या दिसताहेत तोवर, मंडळ अधिकाऱ्यांकडून वहिवाटीचा पंचनामा करून घ्या. सध्या कोण कुठून जातंय, मुरूम कुठून कुठपर्यंत पडलाय, वाटेची रुंदी किती, सगळं त्यात यायला हवं. पंच गावातले पण या वादात नसलेले निवडा. त्या दोन घरांचे जबाब सह्यांनिशी नोंदवून घ्या, घरातल्या बायकांचेही, कारण शेतावर रोज त्याच जातात. मामलेदार कोर्टात आणि कलम २१च्या सुनावणीत, दोन्हीकडं हाच कागद पहिल्यांदा मागतात.